कोठल्या गावचा चंद्रोदय

सन २०२४ च्या श्रावणात आमच्या मातोश्री साताऱ्याहून आमच्याकडे कलकत्त्यास राहावयास आल्या होत्या. (या शहराचे नाव २००१ पासून कोलकाता झाले आहे, हे आम्हास ठाऊक आहे, सरकारी कागदावर आम्ही तसेच लिहितो. परंतु आमच्या आजोबांच्या तोंडचे ‘कलकत्ता’ आमच्या जिभेवरून अद्याप उतरलेले नाही.) त्या येऊन आठवडाही लोटला नसेल तोच संकष्टी आली. आईची संकष्टी म्हणजे काय, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. दिवसभर कडकडीत उपास, संध्याकाळी स्नान, मोदकांचा नैवेद्य, आणि चंद्रदर्शन झाल्यावाचून मुखात अन्नाचा कण नाही. पावसाळ्यात चंद्र दिसणे देवाच्या हाती. म्हणून पंचांगातील चंद्रोदयाची वेळ पाहावयाची आणि ती टळली की पानावर बसावयाचे, असा आमच्या घरचा परिपाठ आहे.

पंचांग तिच्या मोबाइलवर होते, आणि ते आम्हीच मोठ्या हौसेने घालून दिले होते. त्यात चंद्रोदय नवाच्या सुमारास होता. भवानीपुरातील आमच्या दोन खोल्यांच्या गॅलरीत आई खुर्ची टाकून बसली. आकाश गच्च भरलेले. आठ वाजता मोदक वाफवून झाले, साडेआठला ते निवाले. इतक्यात वरच्या मजल्यावरील बौदी वाळत घातलेले कपडे घेऊन जिना उतरत होत्या. त्यांनी आईला विचारले, “माशीमा, अजून जेवला नाहीत? चंद्र तर केव्हाच वर आला. आत्ताच ढग फाटले तेव्हा गच्चीवरून चांगला वीतभर वर दिसला.” आम्ही कारकुनी आत्मविश्वासाने मोबाइल पुढे केला आणि वेळ दाखविली. बौदींनी ती पाहिली, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिली, आणि वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेल्या एका शब्दावर बोट ठेवले. तो शब्द होता ‘मुंबई’.

मुंबई आणि कलकत्ता यांच्यामध्ये साडेपंधरा अंश रेखांशाचे अंतर आहे. अंशामागे चार मिनिटे धरली तर बासष्ट मिनिटे होतात. मुंबईच्या समुद्रावर जो चंद्र अद्याप उगवावयाचा होता तो आमच्या डोक्यावर तासाभरापूर्वीच येऊन ढगांत बसला होता, आणि आमची सत्तर वर्षांची आई मुंबईच्या चंद्राची वाट पाहत कलकत्त्यात उपाशी बसली होती. पंचांगाने आम्हास गाव विचारले नव्हते. मराठी भाषा निवडली, त्याअर्थी हा मुंबईचाच असणार, असा त्याने आपल्या मनाशी निर्णय केला होता, आणि तो निर्णय तपासून पाहणे आमच्या हातून राहून गेले होते. आई म्हणाली, “अरे, तासभर उपास जास्त घडला तर काय बिघडले?” तिचे काही बिघडले नाही, हे खरे, पण त्या रात्री मोदक आमच्या घशाखाली नीट उतरले नाहीत.

अशा न विचारता घेतलेल्या निर्णयास संगणकाच्या भाषेत ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आमच्या कचेरीत हा शब्द आजवर फक्त घरबांधणीच्या कर्जाचा हप्ता चुकविणाऱ्यांस उद्देशून वापरला जात असे. त्यामुळे तो कानी पडला की आम्हास अजूनही कोणीतरी काहीतरी चुकविले असावे असाच संशय येतो. पुढे दोन महिन्यांच्या आत हा संशय खरा ठरावयाचा होता. तेव्हा चंद्राला येथेच ढगात सोडून आम्ही कचेरीकडे वळतो.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात प्रवर श्रेणीचे लिपिक आहोत. कार्यालय बिनय-बादल-दिनेश बागेच्या परिसरात आहे; त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, आणि सेवानियमांनुसार ते सांगण्याची आमची हिंमतही नाही. आमच्याकडे आस्थापना शाखा आहे. म्हणजे कोण केव्हा नोकरीस लागला, कोणाची वेतनवाढ केव्हा, कोण केव्हा निवृत्त होणार, याचे हिशेब आम्ही ठेवतो. हे हिशेब आधी सेवापुस्तकांत होते, मग एका जुन्या संगणकात गेले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या जुन्या संगणकातून उचलून एका नव्या, सर्व शाखांना सामाईक अशा यंत्रणेत भरले गेले. नवी यंत्रणा कोठे आहे, असे आम्ही भरणाऱ्या तरुणास विचारले होते. त्याने छताकडे बोट दाखविले. वरच्या मजल्यावर असेल असे समजून आम्ही मान डोलाविली.

पूजेच्या सुट्टीपूर्वी, सप्टेंबरात, साहेबांनी पुढील सव्वा वर्षात निवृत्त होणाऱ्यांची यादी मागविली. पूर्वी हे काम दोन दिवसांचे असे. नव्या यंत्रणेने ते दोन मिनिटांत केले. यादी छापून आली. तिच्यात सहावे नाव आमच्या बडोबाबूंचे होते, आणि त्यापुढे निवृत्तीची तारीख होती ३० जून २०२५.

बडोबाबू म्हणजे हेडक्लार्क. त्यांच्या हाताखाली आम्ही टिपणी लिहावयास शिकलो. आम्ही नवे असताना, ‘बर्गी आला रे’ अशी साऱ्या शाखेने आमची थट्टा चालविली होती. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ साली या शहराभोवती खंदक खणावयास घेतला होता, त्याचा सूड बंगाली माणूस पावणेतीनशे वर्षांनी असा उगवतो. ती थट्टा बडोबाबूंनीच एके दिवशी थांबविली होती. यादी त्यांच्याकडे सहीस गेली. त्यांनी ती वाचली, सही केली नाही, पेन टोपणात घातले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. थोड्या वेळाने आम्हास म्हणाले, “मोशाय, मी जुलै धरून चाललो होतो.”

केंद्र सरकारच्या नोकरीत निवृत्तीचे वय साठ आहे, पण साठावा वाढदिवस हा निवृत्तीचा दिवस नव्हे. मूलभूत नियमांतील छप्पनाव्या नियमाप्रमाणे ज्या महिन्यात साठ वर्षे पुरी होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी अपराह्णी मनुष्य निवृत्त होतो. मात्र ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा आहे तो त्या आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. कारण उघड आहे. एक तारखेस जन्मलेल्याचे साठावे वर्ष आदल्या दिवशीच पुरे होते. बडोबाबूंचा जन्म २ जुलै १९६५ चा. त्यांनी आपला हिशेब ३१ जुलैचा केला होता आणि धाकट्या मुलीची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची फी त्या जुलैच्या पगारातून भरावयाची ठरविली होती. यंत्रणा म्हणत होती की त्यांचा जन्म १ जुलैचा आहे. एका दिवसाचा फरक; आणि त्यापायी एका महिन्याचा पगार जात होता. त्यात १ जुलै ही वेतनवाढीची तारीख. तीस जूनला घरी जाणाऱ्याच्या हातात ती वाढ पडत नसे. निवृत्तिवेतनापुरती तरी ती धरावी की नाही, यावर देशात वर्षानुवर्षे खटले चालले होते आणि ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला होता. म्हणजे एका दिवसाला किती किंमत असते, हे न्यायालयासही ठाऊक झालेले आहे.

साहेब भले गृहस्थ; पण जन्मतारखेच्या प्रकरणात भल्या गृहस्थांनाही घाम फुटतो. निवृत्ती जवळ आली की जन्मतारखा बदलू लागतात, हा सरकारी नोकरीतील जुना रोग आहे. साहेब म्हणाले, “यंत्र कशाला खोटे बोलेल? सेवापुस्तक आणा.”

सेवापुस्तक आणले. बडोबाबू १९८८ साली नोकरीस लागले, त्या वेळचे ते पुस्तक. पहिले पान उघडले आणि आमच्या छातीत धस्स झाले. कलकत्त्याच्या दमट हवेत कागदाचे दोन शत्रू आहेत, बुरशी आणि वाळवी. त्यांपैकी दुसरीने नेमक्या जन्मतारखेच्या ओळीवरून आपला मार्ग काढला होता. आकडाही गेला होता आणि अक्षरेही गेली होती. ‘जुलै एकोणीसशे पासष्ट’ एवढेच उरले होते. साहेबांनी पानाकडे पाहिले, मग बडोबाबूंकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. परंतु त्या पाहण्यात जे होते ते छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर कोणाच्याही वाट्यास येऊ नये. बडोबाबू म्हणाले, “शाळेचा दाखला घरी आहे. उद्या आणतो.” त्यांचा आवाज इतका साधा होता की आम्हास तो ऐकवेना.

तेव्हा आमची दृष्टी खालच्या ओळीवर गेली. सेवापुस्तकाच्या नमुन्यात असे म्हटलेले असते की जन्मतारीख इसवी सनात लिहावी, आणि शक्य असेल तेथे शक संवतातही लिहावी. ‘शक्य असेल तेथे’ या तीन शब्दांचा अर्थ सरकारी भाषेत ‘लिहू नये’ असा होतो. आम्ही स्वतः शेकडो सेवापुस्तके चाळली आहेत; ती ओळ बहुतेक कोरी असते. पण १९८८ साली त्या टेबलावर कोणी एक कर्तव्यदक्ष कारकून बसला असला पाहिजे. त्याने सुवाच्य अक्षरांत, आकड्यांत आणि शब्दांत लिहून ठेवले होते: अकरा आषाढ, शके अठराशे सत्त्याऐंशी. वाळवी त्या ओळीपर्यंत पोहोचलेली नव्हती.

आम्ही बोटांवर मोजू लागलो. राष्ट्रीय दिनदर्शिकेचा आषाढ २२ जूनला लागतो. बावीस जूनला एक आषाढ, तर तीस जूनला नऊ, एक जुलैला दहा, आणि दोन जुलैला अकरा. साहेबांनी आपल्या बोटांवर पुन्हा मोजले. मग खुर्चीत मागे टेकून ते म्हणाले, “हे शक वगैरे अजून चालू आहे?”

चालू आहे. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली एक पंचांगसुधारणा समिती नेमली गेली होती. तिने १९५५ साली अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, ही दिनदर्शिका भारत सरकारने स्वीकारली. देशात त्या काळी पंचांगांचा इतका सुळसुळाट होता की एकाच सणास दोन प्रांतांत दोन दिवस येत, आणि कधी कधी एकाच गावात दोन घरीही. साहा पदार्थविज्ञानाचे, याच शहरातले. समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकरही होते, हे मराठी माणसाने विसरू नये. त्यांनी महिने सूर्याच्या गतीला बांधले: वैशाखापासून भाद्रपदापर्यंत एकतीस दिवसांचे, पुढचे तिसांचे, आणि चैत्र तिसांचा, लीप वर्षी मात्र एकतिसांचा. हिशेब इतका सरळ की तो बोटांवर करता यावा. लोकांनी तो स्वीकारला नाही, ही गोष्ट वेगळी. आईला आम्ही संध्याकाळी ही हकीकत सांगितली तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, “अकरा आषाढ म्हणजे एकादशी का रे?” आम्ही म्हटले, नव्हे; हा आषाढ सरकारचा, तुझा चंद्राचा. “मग त्याला आषाढ कशाला म्हणायचे?” या प्रश्नास समितीपाशी उत्तर असेल, आमच्यापाशी नव्हते. राजपत्राच्या माथ्यावर, आकाशवाणीच्या निवेदनात आणि आमच्या कचेरीच्या पत्रांवर हा शक इसवी सनाच्या शेजारी मुकाट्याने उभा असतो. आम्ही तो रोज लिहितो आणि कोणीही तो वाचत नाही. त्या दिवशी मात्र साक्षीदार म्हणून तोच एक उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेचा दाखला आला. त्यातही २ जुलैच होते. पण आमचे समाधान होईना. यंत्रणेने एकच दिवस का खाल्ला? सहज म्हणून आम्ही आमची स्वतःची नोंद उघडली. आमचाही जन्म एक दिवस अलीकडे सरकला होता. शेजारच्या टेबलाचा, पलीकडच्या शिपायाचा, खुद्द साहेबांचा. जुन्या संगणकातून आलेली प्रत्येक जन्मतारीख एक दिवस मागे! सारी कचेरी एका रात्रीत एक दिवसाने म्हातारी झाली होती आणि चार महिने कोणाला पत्ता नव्हता. पत्ता लागणार तरी कसा? पंधरा तारखेच्या माणसाला चौदा तारीख दिली तर त्याची निवृत्ती त्याच महिन्याच्या अखेरीस राहते. एक तारखेच्या माणसाला आदल्या महिन्याची अखेरची तारीख दिली तरीही तो नियमाप्रमाणे आदल्याच महिन्यात जावयाचा असतो. नुकसान फक्त दोन तारखेस जन्मलेल्याचे होते. आमच्या शाखेत असा मनुष्य एकच होता.

नवी यंत्रणा बसविणाऱ्यांस आम्ही फोन लावला. पलीकडचा तरुण अत्यंत आर्जवी होता. त्याने जे सांगितले ते आम्हास समजले तसे येथे सांगतो. संगणकाला तारीख म्हणजे काय ते ठाऊक नसते; त्याला फक्त क्षण ठाऊक असतो. सन १९७० च्या पहिल्या जानेवारीस ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले असता, पुष्कळशा यंत्रांचा काळ सुरू होतो, आणि तेथून पुढे सेकंद मोजले जातात. त्याआधी घडलेले सारे उणे. बडोबाबूंचा जन्म म्हणजे उणे चौदा कोटी वीस लाख एकसष्ट हजार चारशे सेकंद. (आम्ही हा आकडा घरी करून पाहिला, बरोबर आहे. स्प्रेडशीट नावाच्या तक्त्यांची तऱ्हा आणखी निराळी. तेथे काही ठिकाणी दिवस १९०० पासून मोजतात, काही ठिकाणी १९०४ पासून, आणि एकातले आकडे दुसऱ्यात बेसावधपणे डकवले की माणूस चार वर्षे आणि एका दिवसाने तरुण होतो किंवा म्हातारा होतो.) जुन्या संगणकाने बडोबाबूंची तारीख नेताना २ जुलैची मध्यरात्र धरली, ती भारतीय वेळेची. ग्रिनिचमध्ये त्या क्षणी १ जुलैचे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. नवी यंत्रणा जगाच्या सामाईक वेळेवर, यूटीसीवर, चालत होती. तिने क्षण अगदी चोख ठेवला, आणि दाखविताना आपल्या घड्याळातून वाचून १ जुलै दाखविली.

“म्हणजे चूक कोणाची?” आम्ही विचारले.

“चूक नाहीच, सर. डिफॉल्ट यूटीसी असते. सुरुवातीलाच सेटिंग बदलायला हवे होते.”

आम्ही फोन खाली ठेवला आणि बराच वेळ विचार करीत बसलो. जन्मतारीख हा काही क्षण नव्हे. बडोबाबूंच्या आईने मध्यरात्रीच्या ठोक्यास घड्याळ पाहिले नव्हते. ते दुपारी जन्मले की पहाटे, हे सेवापुस्तक विचारीत नाही. तारीख हे दिवसाचे नाव आहे, माणसाच्या नावासारखेच. आणि नावाला विमानात बसवून लंडनला नेले म्हणून ते बदलत नाही. ज्याने ते यंत्र घडविले त्याने नावाच्या जागी क्षण ठेवला, आणि ज्याने आमच्याकडे ते बसविले त्याने विचारले नाही की तुमची मध्यरात्र केव्हा होते. विचारावयाचे काम आमचे होते, असे म्हणाल तर तेही खरे. छताकडे दाखविलेले बोट पाहून मान डोलावणारे आम्हीच.

सेटिंग बदलण्याचा अधिकार साहेबांच्या खात्याला होता आणि त्याचा पासवर्ड त्यांच्या टेबलावरील काचेखाली एका चिठ्ठीवर होता. साहेबांसमक्ष आम्ही ते पान उघडले. त्यावर तीन चौकटी होत्या: दिनदर्शिका, वेळेची पद्धत आणि कालक्षेत्र. तिन्हींत आधीच काहीतरी भरलेले होते.

दिनदर्शिकेच्या चौकटीत ग्रेगरियन होते. ती चौकट उघडली तेव्हा बौद्ध, हिब्रू, इस्लामी, जपानी अशा पंगतीत ‘भारतीय राष्ट्रीय’ही बसलेली दिसली, आणि आम्हास परदेशात गाववाला भेटल्याचा आनंद झाला. जगभरच्या संगणकांस कोणत्या देशात काय रीत आहे हे सांगणारी एक सामाईक नोंदवही असते. तिच्यात भारतापुढे पहिली पसंती ग्रेगरियन आणि दुसरी आपला शक, अशी नोंद आहे. त्याच वहीत भारताचा आठवडी विश्राम फक्त रविवार, असेही लिहिलेले आहे. आमच्या कचेऱ्यांस १९८५ पासून शनिवारही सुटीचा आहे. ही वही आमच्या कुटुंबाच्या हाती लागू नये एवढीच इच्छा. साहेबांनी ग्रेगरियनच राहू दिले. आम्ही आग्रह केला नाही. करावयास हवा होता काय, हे अजून ठरत नाही.

वेळेची पद्धत बारा तासांची होती, ती चोवीसची केली. ज्याने रात्री बारा वाजून दहा मिनिटांच्या गाडीचे तिकीट काढून नेमक्या त्याच तारखेच्या रात्री हावड्यास जाऊन रिकामा फलाट पाहिला आहे, त्यास याचे कारण विचारू नये.

मग कालक्षेत्र. चौकट उघडली तो साऱ्या पृथ्वीची गावे खाली ओघळली. उतरत उतरत पाच तास तीसपर्यंत आलो, तेथे चार नावे इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने उभी होती: चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. हीच गोष्ट दुसऱ्या एका जुन्या आणि सर्वमान्य यादीत केवळ ‘आशिया-कोलकाता’ एवढ्या नावाने ओळखली जाते. साऱ्या भारताच्या वेळेला त्या यादीत हे एकच शहर पुरते, आणि मुंबईचे नाव त्यात नाही. बडोबाबूंना आम्ही ते दाखविले तेव्हा त्या साऱ्या प्रकरणात ते पहिल्यांदा हसले. आम्ही त्यांस इतिहासाची आठवण दिली. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, मिर्झापुराजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून. पण त्यांच्या कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही आणि आमच्या मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही. कलकत्त्याचे घड्याळ प्रमाणवेळेच्या तेवीस मिनिटे पुढे, मुंबईचे एकोणचाळीस मिनिटे मागे. बेरीज केली तर बासष्ट होतात. आईच्या चंद्राचीही तीच बासष्ट मिनिटे. दोन्ही शहरांनी तेव्हा आपला सूर्य दुसऱ्याच्या हाती द्यावयास नकार दिला होता. आज तो हट्ट धरता येणार नाही, आणि कचेरीत तर नाहीच नाही. परंतु तो हट्ट कशासाठी होता हे आम्हास त्या चौकटीपुढे उभे राहिल्यावर थोडेसे उमगले.

साहेबांनी ती ओळ निवडली आणि ‘जतन करा’वर बोट ठेवले. यादी पुन्हा छापली. सहावे नाव, निवृत्ती ३१ जुलै २०२५. बडोबाबूंनी टोपण काढून सही केली. एक गंमत मात्र राहून गेली. नवी यंत्रणा आल्यानंतर थेट तिच्यातच ज्यांच्या जन्मतारखा भरल्या होत्या, त्या नव्या भरतीच्या पोरांच्या तारखा बरोबर होत्या, पण त्यांपुढे वेळही उमटू लागली: सकाळी ५.३०. साताही जणांचा जन्म पहाटे साडेपाचला! त्यांतील एक मुलगी म्हणाली, आमची पत्रिका आयती मिळाली. तो दोष दुरुस्त करावा म्हणून आम्ही सविस्तर पत्र लिहिले आहे. पत्रावर दोन्ही दिनांक घातले आहेत.

बडोबाबू ठरल्या दिवशी निवृत्त झाले. कार्यमुक्तीच्या आदेशावर आम्ही ‘९ श्रावण १९४७’ ठळक अक्षरांत टाइप केले. जुलैच्या पगारातून फी भरली गेली, असे त्यांनी आपण होऊन सांगितले.

आई दिवाळीनंतरच साताऱ्यास परतली होती. तिच्या मोबाइलातील पंचांगात संकष्टीच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही ‘मुंबई’ काढून ‘कोलकाता’ घातले होते, आणि पुढचे उपास तिने बौदींच्या गच्चीवरच्या चंद्राबरोबर बिनचूक सोडले होते. बडोबाबूंच्या निरोपसमारंभानंतरच्या संकष्टीस रात्री नवाला आम्ही तिला फोन केला. साताऱ्यात तीन दिवस पावसाची झड लागली होती. आम्ही विचारले, “आई, चंद्र दिसला का ग?”

“कसला दिसतोय या पावसात! पण मोबाइलात बघून मघाशीच जेवले. या खेपेला बाई चंद्र लवकर होता.”

आम्ही घड्याळाकडे पाहिले. साताऱ्यात तो नुकताच कोठे उगवत असावा. “आई,” आम्ही म्हटले, “मोबाइलात वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते जरा चष्मा लावून वाचतेस का?”